विषय: मायच्या कोंबडीचं अंडं अडकलं आहे, कुणाला अनुभव आहे का?

प्रेषक: अमळनेरवाली (सध्या माहेरी)
रविवार, भारतात सकाळचे 11:40

मंडळी, नमस्कार.

आपल्या इंग्लंडमधल्या मंडळाच्या ई-मेल यादीवर हा विषय वेगळा वाटेल, पण आत्ता विचारायला दुसरं कुणी सुचत नाही. तीन आठवड्यांपासून मी अमळनेरला मायकडे आहे. तिच्याकडे एक पांढरी कोंबडी आहे, धवळी. गावरान नाही. नवापूरकडच्या अंड्यांच्या पोल्ट्रीतून वय झालं म्हणून काढलेल्या कोंबड्या एक गाडीवाला गल्लीत विकायला आला होता, त्यातली ही. कापायला म्हणूनच घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तुळशीमागे अंडं घातलं आणि मायने सुरी परत ठेवून दिली. बाबा गेल्यापासून माय सकाळी उठून पहिला शब्द बोलते तो धवळीशी.

काल दुपारपासून तिने दाण्याला चोच लावलेली नाही. शेपटी खाली पाडून, अंग ताठ उभं धरून एका जागी थांबते. दर दोन-चार मिनिटांनी कळ आल्यासारखी खाली दबते, मागचा भाग हलतो, पण बाहेर काही येत नाही. विष्ठाही नीट होत नाही, थोडं पांढरं पाणी तेवढं येतं. परवा जे अंडं घातलं त्याचं कवच इतकं पातळ होतं की उचलताना बोट आत गेलं. माय म्हणते, "दोन दिन व्हई ग्यात, दाना खात नही ती."

आज रविवार, सरकारी दवाखाना बंद. एका खासगी डॉक्टरांना फोन केला. "कोंबडीसाठी?" एवढं विचारून त्यांनी ठेवून दिला. शेजारी म्हणतात, आजच कापा, उद्या खाण्याच्याही कामाची राहणार नाही. माय तेव्हापासून गप्प आहे.

घरी काय करता येईल? लवकर सांगा.

---

प्रेषक: लेस्टरची वहिनी
रविवार, इथले सकाळचे 7:55

ताई, माझ्या दोन कोंबड्यांना हे झालेलं आहे. एक वाचली, एक गेली. जी गेली तिच्या बाबतीत मी दोन दिवस वाट पाहत बसले होते, म्हणून आधी हेच सांगते: वाट पाहू नका.

अंग धरून उभी, शेपटी खाली, सारखी जोर लावते, या सगळ्यावरून अंडं अडकल्यासारखंच वाटतंय. टबमध्ये कोमट पाणी घ्या, पोट आणि मागची जागा बुडेल इतकं. पंधरा-वीस मिनिटं धरून बसा. पहिली दोन मिनिटं फडफडेल, मग तिला बरं वाटतं आणि ती सैल पडते. नंतर टॉवेलने टिपून अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. मागच्या जागेला पेट्रोलियम जेली लावा. माणसांचं कॅल्शियम सिरप घरात असेल तर चोचीच्या कडेने थेंब थेंब द्या, एकदम ओतू नका, श्वासनळीत जातं.

आणि डॉक्टर शोधत राहा.

---

प्रेषक: शिंदखेड्याचे दादा, बर्मिंगहॅम
रविवार, 8:20

ताई, आमच्या आजीच्या हातचा उपाय सांगतो. एरंडेल पाजायचं, मागे तेल लावायचं आणि पोटावरून हळूहळू दाबत अंडं पुढे ढकलायचं. शेतावर असंच करायचे. तुमच्या मायलाही माहीत असेल.

---

प्रेषक: डॉक्टर काका (निवृत्त पशुधन विकास अधिकारी, सध्या मुलाकडे)
रविवार, 8:35

बेटा, सगळ्यात आधी: पोट दाबायचं नाही.

दादा, तुमच्या आजींबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. गावरान कोंबडीचं टणक कवचाचं अंडं अगदी तोंडाशी आलेलं असेल तर तेल लावून ते सुटतं, हे मीही पाहिलं आहे. पण या कोंबडीचं कवच पातळ आहे. दाबलं तर अंडं आत फुटेल. कवचाचे तुकडे अंडनलिका कापतात, बलक पोटात सांडला की तिथे जंतू वाढतात, आणि त्यातून कोंबडी सहसा उठत नाही. दाबण्याच्या भरात मायांग, म्हणजे अंडनलिकेचा आतला भाग, बाहेर आलं तर तो आणखी एक घोर. एरंडेलही नको, ते आतड्यात जातं, अंड्याच्या वाटेवर त्याचा काही उपयोग नाही.

वहिनींनी सांगितलेलं पाणी बरोबर आहे, पण त्या लेस्टरला आहेत आणि तू मे महिन्यातल्या अमळनेरला. आज तिकडे 44 अंश असेल. कोंबडीचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं. अंगणात बसून शेक देऊ नकोस. मोरीत, सावलीत, हाताला सुखद लागेल एवढंच कोमट पाणी घे. चोच उघडून धापा टाकायला लागली की लगेच बाहेर काढ. पुन्हा शेकायचं ते दिवस मावळल्यावर.

हे का झालं, तेही समजून घे, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. त्यातलं कार्बोनेट रक्तातूनच येतं, ते कमी पडलं की कवच पातळ होतं. त्यात उन्हाने खाणं कमी, म्हणजे कॅल्शियमही कमी. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच कॅल्शियम लागतं. म्हणजे एकाच गाडग्यातून दोघांना वाढायचं आणि गाडगं रिकामं! वर अंडं लिबलिबीत, त्यामुळे स्नायूंना जोर लावायला टणक काही सापडत नाही. पातळ कवचाचं अंडं जाड कवचाच्या अंड्यापेक्षा जास्त अडकतं ते यामुळे.

आता सांग: तिला खायला काय देता? आणि रात्री ती जिथे बसते तिथे दिवा असतो का?

उद्या सकाळी दवाखाना उघडला की दारात उभी राहा. 1962 या टोल फ्री नंबरवरही फोन करून बघ, फिरतं पथक जवळपास असेल तर येईल. कोंबडी आहे म्हणून लाजायचं कारण नाही. मी नोकरीत असताना कोंबडी घेऊन येणाऱ्या बाया बहुतेक एकट्या असायच्या, आणि पदराखाली झाकून आणायच्या. अजून डोळ्यांसमोर आहेत.

एक खात्री करून घे. आजूबाजूला आणखी कोंबड्या मरत नाहीत ना? तुरा निळा-जांभळा, डोकं सुजलेलं, असं काही? फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरलाच सापडला, तेव्हा मी त्या पथकात होतो. तसं काही दिसलं तर हात न लावता आधी कळवायचं. एकटीच आजारी असेल आणि जोर लावत असेल तर मात्र काळजी नको, हे अंड्याचंच दुखणं.

---

प्रेषक: अमळनेरवाली
सोमवार, रात्रीचे 9:15

काका, वहिनी, दादा, सगळ्यांना सांगते: धवळी जिवंत आहे.

काल दुपारी मोरीत घमेल्यात पाणी घेतलं. मायने तिला दोन्ही पंख दाबून धरलं. आधी धडपडली, मग मान मायच्या मनगटावर टेकवून डोळे मिटले. सात-आठ मिनिटांतच चोच उघडली, म्हणून बाहेर काढलं. संध्याकाळी पुन्हा, या वेळी पुरी वीस मिनिटं. बाबांच्या औषधांच्या डब्यात कॅल्शियम सिरपची बाटली होती, मुदत संपलेली निघाली, म्हणून मेडिकलमधून नवीन आणली. रात्री अंडं काही आलं नाही. मायने पलंगाशेजारी टोपली ठेवली आणि रात्रभर हात तिच्यावर.

सकाळी आठलाच दवाखान्यात गेलो. पुढे एक म्हैस आणि तीन शेळ्या होत्या. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी एकदाही "कोंबडीसाठी?" म्हटलं नाही. हातमोजा घालून, जेली लावून बोटाने तपासलं आणि म्हणाले, "आहे, पण मऊ आहे. आणि मागे अजून एक असावं." कॅल्शियमचं इंजेक्शन पातळ करून छातीच्या स्नायूत दिलं, सलाइन कातडीखाली. मी कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं विचारलं, कारण म्हशींना देतात ते ऐकून होते. ते म्हणाले, वाट मोकळी आहे याची खात्री नसताना जोर वाढवला तर नलिका फाटेल. आधी कॅल्शियमला काम करू द्या, चार-पाच तासांत काही झालं नाही तर परत आणा.

दुपारी तीनच्या सुमाराला माय ओरडली, "पडनं, पडनं!"

मी धावले. टोपलीत एक ओली, सुरकुतलेली पिशवी पडली होती, उकडलेल्या अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. कवचाचा कणसुद्धा नव्हता. एका बाजूला फाटून बलक बाहेर आलेला. माझ्या तळहातावर ठेवून पाहिलं तर वजन असं नव्हतंच. आणि तासाभराने दुसरं आलं, त्याला कवच होतं, पण खडबडीत, मध्ये पट्टा आवळल्यासारखं. ते घालून झाल्यावर धवळी उठली, दोन पावलं चालली आणि मायच्या ताटलीतली भाकरी टोचायला लागली. माय तिथेच भिंतीला टेकून बसली आणि रडली. बाबांच्या वेळी ती माझ्यासमोर रडली नव्हती.

मागची जागा लाल आहे, पण मायांग बाहेर आलेलं नाही. पहिलं अंडं फाटलेलं होतं म्हणून डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं आहे. रोज वजन करून लिहून ठेवायला सांगितलंय. औषध संपल्यानंतरही ते सांगतील तोपर्यंत अंडी खायची नाहीत.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: खायला ज्वारी, उरलेली भाकरी, कधी भात. आणि हो, ओट्यावरचा बल्ब रात्री दहापर्यंत चालू असतो, मायला अंधारात भीती वाटते म्हणून. त्याचा काय संबंध?

---

प्रेषक: डॉक्टर काका
सोमवार, 18:10

बेटा, तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांग. त्यांनी ऑक्सिटोसिनबाबत थांबायचं ठरवलं, ते मला फार आवडलं.

बल्बचा संबंध असा. कोंबडी अंडं घालते ती उजेडावर. दिवस लांबला की तिचं शरीर समजतं, अंड्यांचा हंगाम आला. पोल्ट्रीत म्हणूनच दिवे लावून सोळा तासांपर्यंत उजेड ठेवतात. तुमच्याकडे मे महिन्यात तेरा तास दिवस आहेच, त्यात तीन तास बल्ब. म्हणजे पोल्ट्रीतून सुटली तरी तिच्यासाठी पोल्ट्री चालूच राहिली. गावरान कोंबडी काही अंडी घालते, खुडूक बसते, अंगाला विसावा देते. ही जात वर्षाला 300 च्या वर अंडी घालायलाच तयार केलेली, खुडूक बसणं तिच्या रक्तातूनच काढून टाकलेलं. तिला विसावा तुम्हीच द्यायचा.

माय जिथे झोपते तिथला दिवा राहू दे, पण धवळीची टोपली अंधारात हवी. संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत हवेशीर, जाळीचं खुराडं सुती कापडाने झाका. आठवड्या-दोन आठवड्यांत अंडी कमी होतील, कदाचित पिसं गळायला लागतील. घाबरू नका, तेच हवंय.

ज्वारीत कॅल्शियम नसल्यासारखंच. अंडी घालतेय तोवर लेअर मॅश, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणा, त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. शिवाय शिंपल्याची भरड वेगळ्या वाटीत ठेवा, तिला हवी तेवढी ती खाईल. संध्याकाळी नक्की द्या, कवच मुख्यतः रात्री चढतं. मिळाली नाही तर अंड्यांची टरफलं भाजून, जाडसर कुटून. पानाचा चुना मात्र देऊ नका, तोंड भाजतं. दुपारी मडक्यातलं गार पाणी, दोन जागी.

अँटिबायोटिक पिण्याच्या पाण्यात घालू नकोस. आजारी कोंबडी पाणीच कमी पिते, मग औषध किती पोटात गेलं ते कळत नाही. आणि पोट रोज हाताने बघ. पाण्याच्या फुग्यासारखं लागलं किंवा बदकासारखी फेंगडी चालायला लागली तर लगेच दवाखाना. हे खोटं का बोलू, पोल्ट्रीतून आलेल्या कोंबडीला हे दुखणं पुन्हा होऊ शकतं.

---

प्रेषक: शिंदखेड्याचे दादा
सोमवार, 18:40

काका, दाबायचं नाही हे लक्षात ठेवलं. गावी भावाकडे वीस कोंबड्या आहेत, त्याला आत्ताच फोन करून सांगितलं. ताई, मायला नमस्कार.

---

प्रेषक: अमळनेरवाली
पुढचा बुधवार, सकाळचे 7:05

मंडळी, शेवटची बातमी देते, परवा मी निघते आहे.

औषधाचा कोर्स पूर्ण झाला. सोमवारी वजन 1 किलो 380 ग्रॅम होतं, आज 1 किलो 460. पोट मऊ आहे. गेल्या पाच दिवसांत फक्त दोन अंडी, दोन्हीचं कवच चांगलं, दोन्ही उकिरड्यात पुरली. मायने बाबांच्या जुन्या धोतराचा पडदा शिवला आहे. संध्याकाळी सहाला तो खुराड्यावर टाकते आणि ओट्यावरचा बल्ब स्वतःच्या हाताने बंद करते. अंधाराचं विचारलं तर म्हणाली, धवळी आत आहे ना.

शिंपल्याची भरड इथे सहज मिळाली नाही, धुळ्याहून मागवली. मागची जागा कशी तपासायची, पोट कसं बघायचं, हे मायने माझ्यापेक्षा चांगलं शिकून घेतलं. पण मी गेल्यावर काही झालं तर तिला मराठीतून डॉक्टरांशी बोलायला अवघडल्यासारखं होतं. काका, तुम्ही धुळ्याकडचे, मायला तुमच्याशी अहिराणीतच बोलायचं आहे. रविवारी तिकडच्या सकाळी दहाला फोन लावून दिला तर चालेल का?