पी-व्हॅल्यू 0.24 आली, म्हणजे सासूबाई हरल्या का?

ऐरोलीची_सून:
नोकरी सांभाळून एमबीए करतेय. स्टॅटिस्टिक्सचा पेपर तोंडावर आलाय आणि हायपोथिसिस टेस्टिंग डोक्यावरून जातंय. संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या 1935 च्या पुस्तकात चहाचा प्रयोग आहे ना, 8 कप, 4 मध्ये दूध आधी, 4 मध्ये चहा आधी, चवीवरून ओळखायचं? तो मी घरी आंब्यावर केला. सासूबाई माहेरच्या देवगडच्या. म्हणतात, कर्नाटकचा हापूस मला डोळे मिटून कळतो! 8 वाट्या, 4 देवगड, 4 कर्नाटक, क्रम नवऱ्याने चिठ्ठ्या टाकून ठरवला. डोळ्यांवर ओढणी बांधली. देवगडच्या म्हणून त्यांनी काढलेल्या 4 पैकी 3 बरोबर निघाल्या.

8 मधून 4 निवडायचे 70 प्रकार. 3 बरोबर येण्याचे 16, चारही बरोबर यायचा 1. म्हणून पी-व्हॅल्यू 17/70, म्हणजे 0.24. मग "त्यांना ओळखता येत नाही" याची शक्यता 24 टक्के, असंच ना? आणि 0.05 या नेहमीच्या मर्यादेच्या वर आहे म्हणून नल हायपोथिसिस ("ओळखता येत नाही" हे गृहीतक) खरी?

कोपरीचे_मास्तर:
सूनबाई, हिशेब चोख, अर्थ दोन्ही चुकले. हे 24 टक्के तुम्ही "ओळखता येत नाही" असं धरूनच काढलेत. जे धरून चाललो त्याचीच शक्यता त्यातून कशी निघेल? नुसतं अंदाजपंचे बोट ठेवणाराही शंभरात सुमारे चोवीसदा इतकं किंवा याहून चांगलं करेल, बस.

नलही खरी ठरली नाही, फक्त नाकारता आली नाही. मुळात 8 वाट्यांत चारही अचूक आल्या (1/70, म्हणजे 0.014) तरच 0.05 च्या खाली जाता येतं. एक अदलाबदल झाली की नापास! खरी जाणकार बाईही त्यात अडकेल. नल खोटी असूनही ती नाकारता न येणं, याला टाइप टू एरर म्हणतात. 12 वाट्या घ्या, 6-6. एक अदलाबदल झाली तरी 37/924, म्हणजे 0.04.

नेरुळवाला:
पण 12 हे आधीच ठरवा हं. मनासारखा आकडा येईपर्यंत वाट्या वाढवत बसायचं नाही. आणि फळं सारखीच पिकलेली घ्या, नाहीतर त्या गाव नाही, पिकलेपण ओळखतील.

ऐरोलीची_सून:
धन्यवाद मास्तर! पिकण्याचं लक्षातच आलं नव्हतं, कर्नाटकचे दोन जरा करकरीत होते. सासूबाईंना 12 वाट्यांचं सांगितलं तर म्हणाल्या, "चुकलेली ती फोड तूच बदललीस." रविवारी चिठ्ठ्या शेजारच्या काकू टाकणार. माझ्यावर भरवसा उरलेला नाही.