मदत हवी आहे: वालुकाश्मावरची गायरानाची माती, एंटिसॉल की अल्फिसॉल?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात एमएस्सी करतोय, मृदाशास्त्र. आपल्याकडं बघावं तिकडं काळी नाहीतर जांभ्याची तांबडी माती, त्यामुळं गोकाकच्या बाजूला वालुकाश्मावरच्या गायरानात खड्डा घेतला आणि तिथंच अडकलोय: ही एंटिसॉल (थर नीट न बनलेली कोवळी माती) की अल्फिसॉल (खालच्या थरात चिकणमाती साठलेली माती), तेच कळंना. कुसळी गवत, उतार थोडाच, ३८ सेंमीवर कडक दगड लागला, पार टिकाव उडाला की.

वरचा १४ सेंमीचा थर सॅंडी लोम (वाळूमिश्रित पोयटा), चिकणमाती ११ टक्के, ओली माती बोटांत दाबली तर रिबन (पट्टी) होतच नाही, लगेच तुटते. खाली जरा लालसर, चिकणमाती १६ टक्के. सामू ६.२, चुना नाही, ॲसिड टाकलं तर फेस शून्य. बेस सॅच्युरेशन (कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्या बेसचा वाटा) साठ टक्क्यांच्या वर आलंय, पण सीईसी (असे आयन धरून ठेवायची मातीची क्षमता) अगदीच कमी, म्हणजे क्वार्ट्झच सगळं.

आता मी लिथिक उस्टॉर्थेंट (कमी खोलीवर कडक दगड असलेली एंटिसॉल) लिहिलं होतं, सॅमेंट (वाळूची एंटिसॉल) तर होणार नाही कारण पोत तेवढा वाळूचा नाही. पण वरच्या थरात चिकणमाती १५ टक्क्यांच्या आत असेल तर खाली ३ टक्के वाढ पुरते ना, इथं ५ आहे, मग खालचा थर आर्जिलिक (वरनं झिरपून चिकणमाती साठलेला) धरून लिथिक हॅप्लुस्टाल्फ (अल्फिसॉलमधला प्रकार) होतंय का? क्ले फिल्म (झिरपलेल्या चिकणमातीचा पातळ लेप) भिंगातून एक-दोन ठिकाणी दिसल्यासारखी वाटते, खरं सांगायचं तर मनाचे खेळ पण असतील. थिन सेक्शन (मातीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) न करता कसं ठरवायचं? आणि पावसाच्या धुपीनं वरची बारीक माती वाहून गेली असंल तरी असाच फरक दिसतो का? कुणी असल्या मातीत काम केलंय का, सांगा की.