बंदर नुसतं खोल असून भागत नाही

दादा, नवीन युद्धनौका कारवारलाच का, आमच्या विजयदुर्गाला का नाही, हा तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं पण गलबतांचा जमाना गेला हो. आयएनएस विक्रांत २६२ मीटर लांब आहे, आणि आपल्याकडच्या कितीतरी खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचून ओहोटीला साधा ट्रॉलरपण भरतीची वाट बघत बसतो. शिवाय होमपोर्ट, म्हणजे जहाजाचा कायमचा तळ, म्हणजे नुसता धक्का नाही, किनाऱ्यावरून वीज, दारूगोळ्याची कोठारं, वर्कशॉप, क्वार्टर्स सगळं लागतं. कारवारला तर १०,००० टनांपर्यंतचं जहाज उचलून कोरड्यावर घेणारी शिपलिफ्ट आहे. आणि त्या सीबर्डसाठी, म्हणजे कारवारच्या नौदल तळाच्या प्रकल्पासाठी, तिकडची मच्छीमार गावंच्या गावं उठवली, ते आपल्याकडे कोणाला चालणार आहे सांगा?