मदत हवी आहे: पाळी लांबत असेल तर प्रोजेस्टेरॉनसाठी रक्त कोणत्या दिवशी द्यावे?

माझी पाळी ३३ ते ३७ दिवसांनी येते. गर्भधारणेसाठी सांगितलेल्या तपासण्यांपैकी एफएसएच, एलएच आणि एस्ट्राडिऑल या हार्मोनच्या तपासण्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी झाल्या. एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी) कोणत्याही दिवशी चालते, म्हणून तीही तेव्हाच उरकली. थायरॉईड व प्रोलॅक्टिन नॉर्मल आहेत, आणि सध्या हार्मोनची कोणतीही गोळी चालू नाही.

अडचण आहे ती प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे बीज सुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची. चिठ्ठीवर ‘२१ वा दिवस’ लिहिला आहे, परंतु तो हिशोब २८ दिवसांच्या चक्राचा; ही पातळी बीज सुटल्यावर साधारण सात दिवसांनी सर्वाधिक असते, त्यामुळे माझे बीज विसाव्या दिवसानंतर सुटत असेल, तर २१ व्या दिवशीच्या कमी आकड्यावरून बीज सुटलेच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल, याची मला खरोखर काळजी वाटते. बीज सुटण्याआधी वाढणारे एलएच दाखवणाऱ्या लघवीच्या पट्टीवरील दुसरी रेघ मागच्या महिन्यात २१ व्या दिवशी गडद झाली होती. सोनोग्राफी केंद्र दूर असल्याने फॉलिक्युलर स्टडीसाठी (बीजाची वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफीसाठी) वारंवार जाणे शक्य नाही आणि डॉक्टरांची भेट पुढच्या महिन्यात आहे.

अशीच लांब पाळी असणाऱ्यांनी किंवा या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सांगावे: रेघ गडद झाल्यापासून आठवड्याने रक्त द्यावे, की २८ व्या दिवशी देऊन पाळी येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी पुन्हा करावी?