होरिया तेकाऊ: तीन विम्बल्डन फायनल हरला, चौथी जिंकला. मधे नेमकं काय बदललं?

सर्व्हिसलाइन

रोहन बोपण्णाच्या 2015 च्या मोसमाचा तक्ता करायला घेतलाय आणि त्यात एक नाव सारखं आडवं येतंय: रुमानियाचा दुहेरीतला टेनिसपटू होरिया तेकाऊ. विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यात बोपण्णा त्याच्याकडून हरला, वर्षाअखेरच्या एटीपी (पुरुष व्यावसायिक टेनिसची संघटना) फायनल्सच्या अंतिम सामन्यातही त्याच्याकडूनच. मागे गेलं तर 2012 च्या सिनसिनाटी फायनलमध्येही समोर तेकाऊच, तेव्हा बोपण्णाबरोबर महेश भूपती होता.

म्हणून तेकाऊची कारकीर्द नीट समजून घ्यायची आहे. अडलेले प्रश्न:

1. 2010, 2011, 2012 अशा सलग तीन विम्बल्डन फायनल हरलेला माणूस 2015 ला जिंकतो. खेळ बदलला, की फक्त जोडीदार?

2. 2015 च्या शेवटी तेकाऊ आणि त्याचा डच जोडीदार ज्याँ-ज्युलियन रोयर ही जगातली पहिल्या क्रमांकाची जोडी होती. पण तेकाऊचा स्वतःचा सर्वोच्च क्रमांक 2 दिसतो. जोडी पहिली आणि खेळाडू दुसरा, हे कसं?

3. तो डावखुरा आहे. दुहेरीत त्याचा प्रत्यक्ष फायदा काय होतो?

जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

दुहेरीवेडा

आधी उच्चार. रुमानियन लिपीत त्याच्या आडनावातल्या ‘a’वर चंद्रकोर असते, त्याचा उच्चार साधारण ‘अ’सारखा. मराठीत ‘तेकाऊ’ चालून जातं. बोपण्णाचा 2015 चा जोडीदार फ्लोरिन मात्र ‘मेर्जिया’ नाही, ‘मेर्जा’. आणि रुमानियाचाच जुना खेळाडू इलिये नस्तासे, त्याचा साथीदार इयोन ‘त्सिरियाक’.

आता पहिला प्रश्न. त्या तीन पराभवांना एका माळेत ओवू नका, तिन्ही वेगळे आहेत. तिन्ही वेळा जोडीदार स्वीडनचा रॉबर्ट लिंडस्टेट.

2010 मध्ये युर्गन मेल्झर आणि फिलिप पेट्झश्नरनी त्यांना 6-1, 7-5, 7-5 असं हरवलं. पहिला सेट अक्षरशः हातातून निसटला, पुढचे दोन थोडक्यात गेले. मोठ्या कोर्टवर पहिल्यांदा उतरलेल्या जोडीचा हा स्कोअर आहे. 2011 ला समोर अमेरिकेचे जुळे ब्रायन बंधू: 6-3, 6-4, 7-6. त्या काळात ब्रायन बंधूंकडून हरणं म्हणजे वेगळं कारण शोधायची गरज नाही.

खरा सल 2012 चा. जोनाथन मॅरे आणि फ्रेडरिक नील्सन ही जोडी वाइल्ड कार्डवर (क्रमवारीवर नव्हे, आयोजकांच्या खास प्रवेशावर) आली होती आणि उपांत्य फेरीत तिने ब्रायन बंधूंना घरी पाठवलं होतं. म्हणजे वाट मोकळी. फायनल गेली पाच सेटपर्यंत: 4-6, 6-4, 7-6, 6-7, 6-3. तेकाऊ-लिंडस्टेटने पहिला सेट घेतला, चौथ्याचा टायब्रेक (6-6 नंतर सेट ठरवणारा गेम) जिंकून बरोबरी केली आणि पाचवा गमावला. गवतावर दुहेरीत सर्व्हिस इतकी वरचढ असते की आख्खा सामना पाच-सहा गुणांवर ठरतो. एखादी खालून मारलेली व्हॉली (टप्पा पडण्याआधीचा फटका) जाळ्यात, एखादा रिटर्न नेटवरच्या खेळाडूच्या थेट हातात, झालं. त्याला ‘मानसिक कमकुवतपणा’ म्हणायची पद्धत आहे, मला ती अजिबात पटत नाही. त्याच उन्हाळ्यात, काही आठवड्यांत, याच दोघांनी सिनसिनाटीची फायनल भूपती-बोपण्णांविरुद्ध 6-4, 6-4 अशी जिंकली. खचलेली जोडी मास्टर्स (ग्रँड स्लॅमच्या खालोखालची मोठी स्पर्धा) जिंकत नाही.

त्याच वर्षी जानेवारीत तेकाऊने ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी बेथनी मॅटेक-सँड्सबरोबर जिंकली होती, अंतिम सामन्यात एलेना वेस्निना आणि लिएंडर पेसला हरवून. दोन वर्षांनी त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये त्याची जोडीदार सानिया मिर्झा होती. तेव्हा क्रिस्टिना म्लादेनोविक-डॅनियल नेस्टर जिंकले.

जोडीदार बदलण्याबद्दल: 2013 मॅक्स मिर्नी, 2014 पासून रोयर. बुखारेस्टची स्पर्धा बघा, तिला नस्तासे-त्सिरियाक करंडक असंच नाव होतं. 2012, 2013, 2014 अशी सलग तीन वर्षं तेकाऊ ती जिंकला आणि तिन्ही वेळा जोडीदार वेगळा: लिंडस्टेट, मिर्नी, रोयर. घरच्या प्रेक्षकांसमोर, लाल मातीवर. त्याच्या खेळाचा पाया जोडीदारावर अवलंबून नव्हता, याचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

मग 2015 ला बदललं काय? माझं मत: दोन मोसमांची एकमेकांची सवय. दुहेरीत मधोमध आलेला चेंडू कोणाचा, नेटवरचा खेळाडू कधी पलीकडे धाव घेणार, लॉब (डोक्यावरून उंच मारलेला चेंडू) आला की कोण मागे जाणार, हे क्षणात ठरतं आणि बोलायला वेळ नसतो. नव्या जोडीचे गुण इथेच जातात: दोघं एकाच चेंडूवर, किंवा दोघंही थांबलेले. शिवाय लिंडस्टेटबरोबरच्या तीन फायनलची शिदोरी होतीच.

उपांत्य सामना: तेकाऊ-रोयर विरुद्ध बोपण्णा-मेर्जा, 4-6, 6-2, 6-3, 4-6, 13-11. बोपण्णा-मेर्जा उपांत्यपूर्व फेरीत ब्रायन बंधूंना हरवून आले होते, हे विसरू नका. फायनलमध्ये जेमी मरे-जॉन पीअर्स 7-6, 6-4, 6-4. चुरस उपांत्य सामन्यातच होती, फायनल सरळ तीन सेटमध्ये आटोपली. विम्बल्डनच्या पुरुष दुहेरीच्या विजेत्यांत आधीचं रुमानियन नाव शोधायचं तर 1973 पर्यंत मागे जावं लागतं: इलिये नस्तासे, जिमी कॉनर्सबरोबर.

आकडेमोड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दोन वेगळ्या याद्या आहेत, त्यांची गल्लत होते.

दुहेरीची क्रमवारी *वैयक्तिक* असते. मागच्या 52 आठवड्यांतले गुण, जोडीदार कोणीही असो, खेळाडूच्या नावावर जमा होतात. जोडीची शर्यत वेगळी: त्यात जानेवारीपासून *त्याच दोघांनी मिळून* कमावलेले गुण धरतात. एटीपी फायनल्समध्ये ज्या आठ जोड्या येतात त्या या दुसऱ्या यादीवरून.

2015 मध्ये तेकाऊ-रोयर जवळजवळ सगळीकडे एकत्र खेळले, सगळे गुण एकाच जोडीच्या खात्यात. म्हणून जोडी पहिली. पण वैयक्तिक पहिला क्रमांक ब्राझीलच्या मार्सेलो मेलोकडे गेला. त्याने फ्रेंच ओपन आणि पॅरिस मास्टर्स इव्हान डोडिगबरोबर जिंकल्या, टोकियो आणि शांघाय रेवन क्लासेनबरोबर, व्हिएन्ना लुकाश कुबोटबरोबर. मेलोच्या खात्यात सगळे आले, डोडिगबरोबरच्या जोडीच्या खात्यात यांतल्या दोनच स्पर्धांचे. तेकाऊ वैयक्तिक यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला तो नोव्हेंबर 2015 मध्ये, लंडनची एटीपी फायनल्स जिंकल्यावर (बोपण्णा-मेर्जाविरुद्ध 6-4, 6-3).

तक्त्यासाठी गुण लिहून ठेवा: ग्रँड स्लॅम विजेता 2000, उपविजेता 1200, उपांत्य फेरीत हरणारा 720. मास्टर्स विजेता 1000, उपविजेता 600. विम्बल्डनचा तो 13-11 चा सेट दोन्ही जोड्यांना काय पडला ते यात दिसतं: एकीकडे 720 वर थांबले, दुसरीकडे दोन दिवसांत 2000.

जोडीदार निवडताना हेही बघावं लागतं. स्पर्धेत थेट प्रवेश दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर मिळतो. 15 आणि 25 मिळून 40, बहुतेक ठिकाणी आरामात प्रवेश. 15 आणि 110 मिळून 125, मग छोट्या ड्रॉच्या (कमी जोड्यांच्या) स्पर्धेत नाव यादीबाहेर राहू शकतं. वरच्या खेळाडूला जोडीदाराच्या घसरणीचा फटका असा बसतो.

सर्व्हिसलाइन

दोघांचेही आभार, मेलोमुळे गाठ सुटली. एक उपप्रश्न: इतकी जमलेली जोडी असताना 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेकाऊ मेर्जाबरोबर कसा? तो तर बोपण्णाचा जोडीदार होता ना?

आकडेमोड

ऑलिंपिकमध्ये दोघं एकाच देशाचे लागतात. रोयर नेदरलँड्सचा, मेर्जा रुमानियाचा. आणि मेर्जा त्याला नवखा नव्हता: 2002 आणि 2003 अशी दोन्ही वर्षं विम्बल्डनची कुमार दुहेरी या दोघांनीच जिंकली होती. 2003 ला मेर्जाने कुमार एकेरीही घेतली.

रिओत उपांत्य फेरीत त्यांनी अमेरिकेच्या स्टीव्ह जॉन्सन-जॅक सॉकला हरवलं आणि फायनल राफेल नदाल-मार्क लोपेझकडून 2-6, 6-3, 4-6 अशी हरले. रौप्य. रुमानियाचं टेनिसमधलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. क्रमवारीत त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण त्या वर्षी ऑलिंपिकला एटीपी गुणच नव्हते.

बोपण्णाच्या बाजूने बघायचं तर मेर्जा रुमानियाकडून खेळणार म्हटल्यावर त्याला भारतीय जोडीदार हवा होता. पेसबरोबर उतरला आणि पहिल्याच फेरीत कुबोट-मात्कोव्स्कीकडून हरला. या मोसमांत ज्या पेसबरोबर तो फारसा खेळलाच नव्हता, त्याच्याबरोबर ऐनवेळी जोडी लावली की काय होतं ते ‘दुहेरीवेडा’ यांनी वर लिहिलंच आहे.

डावीबाजू

तिसरा प्रश्न राहिलाय. डावखुऱ्याचा फायदा तीन ठिकाणी बघा.

एक, सर्व्हिसची दिशा. डावखुऱ्याची स्लाइस (बाजूने फिरकी दिलेली) सर्व्हिस त्याच्या स्वतःच्या उजवीकडे वळते. तो डावीकडून, म्हणजे ॲडव्हान्टेज बाजूने सर्व्ह करतो तेव्हा चेंडू समोरच्या चौकोनाबाहेर पळतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूला बॅकहँड लावून कोर्टबाहेर ओढतो. मधली जागा रिकामी, नेटवरच्या रोयरला व्हॉली सोपी. 30-40 चा ब्रेक पॉइंट (सर्व्ह करणारा गेम गमावू शकतो तो गुण) नेहमी याच बाजूला येतो, म्हणून अडचणीच्या वेळी हा सर्व्ह हाताशी असतो. एटीपीच्या नेहमीच्या स्पर्धांत मात्र 40-40 ला एकच निर्णायक गुण असतो आणि कुठल्या बाजूला रिटर्न घ्यायचा ते रिटर्न करणारी जोडी ठरवते. डावखुऱ्यासमोर अशा वेळी उजवी बाजू निवडण्यात शहाणपण. विम्बल्डनला हा नियम नव्हता, तिथे ड्यूस चालूच राहायचा.

दोन, ऊन. हे फार कमी लोक बघतात. एका सेटमध्ये टायब्रेक सोडला तर प्रत्येक खेळाडू कायम एकाच टोकाकडून सर्व्ह करतो. कागदावर लिहून बघा: पहिला गेम तेकाऊ, मग बाजू बदल. तिसरा गेम रोयर, तो पलीकडच्या टोकाकडून. मग बाजू बदल, पाचवा पुन्हा तेकाऊ, पुन्हा पहिल्याच टोकाकडून. उजव्या आणि डाव्या हाताचा टॉस (सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू) वेगवेगळ्या ठिकाणी जातो. ज्या टोकाला एकाच्या डोळ्यांत सूर्य येतो तिथे दुसऱ्याच्या येईलच असं नाही. क्रम सेटच्या सुरुवातीला ठरतो आणि पुढच्या सेटला बदलता येतो. दोघंही उजवे असतील तर एकाला ते वाईट टोक घ्यावंच लागतं, आणि मग टॉस मागे पडून सर्व्ह लांब जाते.

तीन, रिटर्नची मांडणी. उजवा उजवीकडे आणि डावखुरा डावीकडे उभा राहिला तर दोघांचे फोरहँड बाहेरच्या बाजूला येतात. बाहेर मारलेली सर्व्हिस दोघंही फोरहँडने घेतात, पण मधल्या रेषेवरची सर्व्हिस दोघांच्याही बॅकहँडला. उलट उभे राहिले तर दोन्ही फोरहँड मधे, डोक्यावरचा चेंडू कोणीही मारू शकतो, पण बाहेरची सर्व्हिस बॅकहँडवर. दोन्हीत काहीतरी सोडावंच लागतं. सामना बघताना पहिल्या दोन रिटर्न गेममध्ये कोण कुठे उभं आहे ते टिपा, मग समोरची जोडी सर्व्ह कुठे मारतेय त्याचा अर्थ लागतो.

दुहेरीवेडा

एक भर. 13-11 सारखा सेट आता होऊच शकत नाही. 2019 ला विम्बल्डनने निर्णायक सेटमध्ये 12-12 वर टायब्रेक आणला, 2022 पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये 6-6 वर दहा गुणांचा टायब्रेक आहे. आणि 2023 पासून विम्बल्डनची पुरुष दुहेरी तीनच सेटची. त्या उपांत्य सामन्यात एकूण 61 गेम झाले होते. आजच्या नियमांत कमाल 39. नुसत्या पाचव्या सेटचे 24 गेम, म्हणजे चौघांनीही सहा-सहा वेळा सर्व्ह केली.

तक्त्यात पुढचंही घ्या: 2017 ची यूएस ओपन, तेकाऊ-रोयर 6-4, 6-3. समोर फेलिसियानो लोपेझ आणि मार्क लोपेझ. मार्क लोपेझ म्हणजे रिओतलं सुवर्ण नदालबरोबर नेणाराच. वर्षभरात हिशेब चुकता. शेवटचा मोसम 2021, जर्मनीच्या केविन क्राविट्झबरोबर. हालेची गवतावरची स्पर्धा जिंकले, एटीपी फायनल्सला पात्र झाले, आणि तेकाऊ वयाच्या 36 व्या वर्षी थांबला. एकूण 38 विजेतेपदं.

आणि मेर्जाला एकच रकाना देऊ नका: 2002-03 जोडीदार, 2015 ला प्रतिस्पर्धी, 2016 ला परत जोडीदार.