१९६६ची एमजीबी घेऊन सांगली–महाबळेश्वर–कोकण–आंबोली फेरी: तयारी आणि मार्गाबद्दल सल्ला हवा

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवसांची फेरी ठरते आहे. सांगलीहून सातारा, मेढ्यावरून महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पोलादपूर, मुंबई–गोवा महामार्गाने सावंतवाडी, मग आंबोली चढून गडहिंग्लज, संकेश्वर, कोल्हापूर आणि परत सांगली. सगळं मिळून साडेसातशे किलोमीटरच्या आसपास.

गाडी १९६६ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन-आसनी ब्रिटिश गाडी. १७९८ सीसी, जुळे एसयू एचएस४ कार्बोरेटर, बॅटरी चार्ज करायला डायनॅमो, पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला), तारेची चाकं, ओव्हरड्राइव्ह (महामार्गासाठीचा जादा गिअर) नाही. हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या आहेत, त्यामुळे शिसं नसलेल्या पेट्रोलची काळजी नाही. गावात आणि मिरजेपर्यंत उत्तम चालते, लांब अजून नेलेली नाही.

फेरी याच दिशेने करावी की उलटी? हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी काय बदलावं? घाटात गरम होऊ नये म्हणून काय करावं? आणि कोणते सुटे भाग बरोबर घ्यावेत?

घाटवाट

दिशा बरोबर आहे, बदलू नका. महाबळेश्वर ते पोलादपूर साधारण ४० किलोमीटरांत गाडी बाराशे-तेराशे मीटर खाली येते. सावंतवाडीहून आंबोलीची चढण याच्या निम्मीच. उलट्या दिशेने गेलात तर आख्खा आंबेनळी चढावा लागेल, तोही कोकणातल्या दमट उकाड्यातून. उतारावर इंजिन निवांत असतं, तिथे कसोटी ब्रेकची.

१९६६च्या एमजीबीत ब्रेकचं सर्किट एकच आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नाही. एक नळी गेली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून निघण्याआधी तीनही रबरी होज बदला, पुढचे दोन आणि मागे ॲक्सलवरचा एक. वरून चांगला दिसणारा होज आतून फुगलेला असतो. पाय दाबला की तेल पुढे जातं पण परत येत नाही, आणि चाक घासत राहतं. ओळखायची खूण सोपी: वीस किलोमीटर चालवून सपाटीला थांबा आणि चारही चाकांच्या हबजवळ हात धरून बघा. एखादंच चाक जास्त तापलं असेल तर त्या बाजूचा होज किंवा कॅलिपरचा पिस्टन अडकतोय.

ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं डॉट ४ भरा. नवं तेल २३० अंशांच्या वर उकळतं. पाणी शोषलेल्या जुन्याचा उत्कलनबिंदू दीडशेच्या घरात येतो, आणि आंबेनळीच्या मधल्या वळणांवर पेडल मऊ पडतं ते यामुळेच. उतरताना नियम एकच: ज्या गिअरने हा घाट चढला असता त्याच गिअरने उतरा. तुमच्या गाडीला बहुतेक ठिकाणी दुसरा. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. वळणाआधी एकदा ठाम दाबा, सोडा.

अजून एक. तुमच्या मॉडेलच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज जुळवून देणारी रचना) नाही. आंबोलीच्या एखाद्या वळणावर पुढे एसटी अडकली आणि दुसऱ्यात इंजिन गुदमरायला लागलं, तर चालत्या गाडीत पहिला घुसवायला जाऊ नका, दात जातील. पूर्ण थांबा, मग पहिला टाका. डबल क्लचिंगचा (क्लच दोनदा दाबून गिअर टाकायचा) हात बसला असेल तरच चालत्यात जमतं.

बी_सिरीज

पेट्रोल आणि उष्णता हा एकच विषय आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

इ२० मध्ये, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये, इथेनॉलमुळे ऑक्सिजन येतो. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इ२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे पूर्वीच्या सेटिंगवर तुमचं मिश्रण सात-आठ टक्के पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं. पातळ मिश्रण घाटात इंजिन तापवतं. एसयूमध्ये सुई न बदलता जेटच्या नटाने बरीच भरपाई होते. इंजिन पूर्ण गरम करा आणि दोन्ही कार्बोरेटरचा नट दोन-दोन फ्लॅट खाली फिरवा. एक फ्लॅट म्हणजे नटाची एक बाजू, सहावा हिस्सा फेरा. खाली म्हणजे जाड. मग पिस्टन उचलायची पिन जेमतेम एक मिलिमीटर वर दाबा. इंजिनचा वेग क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर. वाढून तसाच राहिला तर जाड, पडायला लागला तर पातळ. हे करताना एअर फिल्टर लावलेलेच असू द्या. डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या वरच्या घुमटातली तेलाची जागा) २० नंबरचं तेल भरा. तिथे तेल कमी असेल तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि लोक उगाच जेट फिरवत बसतात.

पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, टाकीपासून ते दोन कार्बोरेटरमधल्या छोट्या तुकड्यापर्यंत. साधा काळा पाइप इथेनॉलने आधी मऊ पडतो, मग चिरतो, आणि हे पाइप एक्झॉस्टच्या बरोबर वर आहेत. पाइपवर एसएई जे३०, आर९ असा छाप बघून घ्या. फ्लोट चेंबरच्या नीडल व्हॉल्व्हचं टोक व्हायटॉनचं (इथेनॉलला टिकणारं रबर) हवं. इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट थर सोडवतं, म्हणून पंपानंतर पारदर्शक इनलाइन फिल्टर लावा आणि पहिल्या भरलेल्या टाकीनंतर बदला. दोन जादा बरोबर ठेवा. हे सगळं निघायच्या तीन आठवडे आधी करा आणि त्या टाकीवर सांगली–कोल्हापूर दोन फेऱ्या मारा. गाळ यायचा तो घरच्या अंगणात येऊ दे.

आता पाणी. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच घालू नका. सांगली-मिरजेकडच्या क्षारांनी खालच्या नळ्या बुजतात, आणि सपाटीला नव्वदवर राहणारा काटा चढावर सरळ वर जातो. सिस्टिममध्ये साधारण साडेपाच लिटर मावतं. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, ब्लॉकचा ड्रेन टॅप उघडून तिथला गाळही काढा. मग डिस्टिल्ड वॉटर ७० टक्के, कूलंट ३० टक्के. इथे पाणी गोठायची भीती नाही, कूलंट फक्त गंजापासून वाचवायला आणि पंपाच्या सीलसाठी. जास्त घातलं तर उलट उष्णता कमी वाहून नेली जाते.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ८२ अंशांच्या जागी ७४ चा बसवा, तेवढं पुरे. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, स्टॅटिक (इंजिन बंद असताना) १० अंशांवर ठेवा. चढावर टिकटिक नॉकिंग ऐकू आलं तर डिस्ट्रिब्युटरवरची (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) गोल चकती 'आर' कडे, म्हणजे टायमिंग मागे नेणाऱ्या बाजूला, थोडी फिरवा, पण फार नाही. टायमिंग मागे पडलं की इंजिन आणखी तापतं. आणि तिसऱ्यात रेटत राहण्यापेक्षा दुसऱ्यात तीन हजारांवर चढवा. पंखा बेल्टवर आहे, इंजिन फिरलं तरच वारा मिळतो.

काटा फारच वर गेला तर हीटर पूर्ण उघडा. पाय भाजतील, पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे. त्याचा व्हॉल्व्ह हेडच्या मागच्या बाजूला असतो आणि वापर नसल्याने गच्च बसलेला असतो, तो आधीच सोडवून ठेवा.

विश्रामबागकर

मनापासून आभार. होज आणि पाइपची यादी आजच केली. एक विचारायचं राहिलं: घाट चढून चहाला दहा मिनिटं थांबल्यावर गाडी चालू होत नाही, चोक ओढला तर आणखीनच बिघडते. आणि चढासाठी एक इलेक्ट्रिक पंखा लावावा असं एकजण म्हणाले. लावू का?

बी_सिरीज

चोकला हात लावू नका. इंजिन बंद केलं की पाण्याचं फिरणं थांबतं, खालच्या एक्झॉस्टची धग वर येते आणि फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून इनटेकमध्ये उतरतं. म्हणजे इंजिन आधीच ओलं झालेलं असतं. ॲक्सिलरेटर अर्धा दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. थांबताना दोन-तीन मिनिटं आयडलिंगवर ठेवून मग बंद करा आणि बॉनेट उघडून ठेवा. कार्बोरेटरमागचा पत्र्याचा हीट शील्ड जागेवर आहे ना आणि त्यावरचं इन्सुलेशन झडलं नाही ना, तेही बघा. बऱ्याच गाड्यांत ते कधीच निघून गेलेलं असतं.

पंख्याला माझा विरोध आहे. तुमचा डायनॅमो पूर्ण फिरल्यावर २२ अँपिअर देतो, आयडलिंगवर जवळपास काहीच नाही. पंखा नेमका ट्रॅफिकमध्ये लागतो, तेव्हाच तो बॅटरी खाईल. रेडिएटर साफ असेल तर गरज पडत नाही.

कुपवाडचा लेथ

सुट्या भागांबद्दल. अँबॅसॅडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन आणि हे इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं. म्हणून आपल्याकडचे जुने अँबॅसॅडरवाले मिस्त्री याला हात घालू शकतात, टॅपेट, टायमिंग, पंप सगळं ओळखीचं. पॉइंट, कंडेन्सर, रोटर घेताना तुमच्या डिस्ट्रिब्युटरमधला नमुना दुकानात नेऊन शेजारी ठेवून ताडा. पण हेड गॅस्केट कधीही अँबॅसॅडरचं घेऊ नका. तिचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७३ मिमी, तुमचा ८० च्या वर. गॅस्केटची कड सिलिंडरच्या आत येईल.

डबीत हे हवंच: पॉइंटचा सेट, दोन कंडेन्सर, दोन रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप, कॉइल, दोन प्लग, फॅन बेल्ट, रेडिएटरचे वरचा-खालचा होज, ॲक्सिलरेटरची केबल, क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरचं किट, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, एक लिटर २०डब्ल्यू५० इंजिन ऑइल, पाच मीटर वायर, क्लिपा. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचा ०.६३, टॅपेट ०.३८. हे आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा.

कंडेन्सर आणि रोटर दोन-दोन का, तर हल्ली मिळणारे नवे भाग कधीकधी पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच जातात. निघायच्या आधी नवा बसवून चालवून बघा, मग काढून डबीत टाका. चाचणी झालेला भागच सुटा भाग म्हणायचा.

पाने घरूनच न्या. गाडीचे नट इंची आहेत: ७/१६, १/२, ९/१६. रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे मिलिमीटरचे पाने. ११ चा पाना ७/१६ वर चढतच नाही, १३ चा अर्ध्या इंचावर सैल बसतो आणि कोपरे गोल करतो.

गिअर बॉक्समध्येही इंजिनचंच २०डब्ल्यू५० जातं. ९० नंबर फक्त मागच्या ॲक्सलला. सर्व्हिसिंगवाला सवयीने दोन्हीकडे ९० भरतो, समोर उभे राहा. किंगपिनचे (पुढची चाकं ज्यावर वळतात तो खिळा) ग्रीस निपल दोन्ही बाजूंना तीन-तीन आहेत. चाकांवरचं वजन जॅकने उचलून ग्रीस मारा, नाहीतर खालच्या बाजूला पोचत नाही.

माहुलीकर

डिसेंबर म्हणजे कारखाने जोरात. आष्टा ते पेठ नाका, कराड, पुढे उंब्रजपर्यंत उसाच्या डबल ट्रॉल्या आणि बैलगाड्या. अंधारात मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेलच असं नाही, बाहेर आलेला ऊस तुमच्या विंडस्क्रीनच्या उंचीला येतो, आणि गाडी इतकी बुटकी की ट्रॅक्टरवाल्याला तुम्ही दिसतच नाही. सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठा. सकाळी सहाला सांगली सोडली तर ऊन चढायच्या आत मेढा होतो.

महामार्गावर रुंदीकरणाच्या कामांमुळे डायव्हर्जन लागतात, कडेला खडीची कड असते. तीन हजार आरपीएमला तुमची गाडी साधारण ८५ च्या वेगाने जाते, त्याच्या पुढे नेऊ नका. महाबळेश्वरला शनिवार-रविवार टाळा. केळघर घाट मोकळा मिळतो, पण बाजारपेठेतली रांग इंजिनला घाटापेक्षा वाईट.

गतिरोधक: मानकाप्रमाणे बांधलेला १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून गाडी सावकाश जाते. गावकऱ्यांनी घातलेला अरुंद उंचवटा मात्र एक्झॉस्टच्या पुढच्या पाइपाला लागतो. तिरकी न्या, एकेक चाक चढवा. सोबत बसलेल्याला उतरवलंत तर आणखी सेंटिमीटरभर मिळतं.

तारेचं चाक

पंक्चरचं कुणी लिहिलं नाही. तारेच्या चाकात ट्यूब लागते. महामार्गावरचे बरेच पंक्चरवाले आता ट्यूबलेसची दोरी भरतात, ती इथे चालत नाही. १४ इंची दोन ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टी बरोबर घ्या.

मधला कानवाला नट उघडताना चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने ठोका. म्हणजे डावीकडचा घड्याळाच्या उलट, उजवीकडचा घड्याळाप्रमाणे. तांब्याचा हातोडा तुमचाच द्या, लोखंडी घणाने कान तुटतात. चाक काढलंच तर स्प्लाइनला (चाक हबवर बसतं त्या खाचांना) ग्रीस लावा आणि ५० किलोमीटरवर नट पुन्हा ठोकून बघा. गाडी मागेपुढे करताना टक असा आवाज येत असेल तर स्प्लाइन झिजलेत. तसं असेल तर ही फेरी करू नका, आधी हब बघा.

घाटवाट

कागदपत्रांचं एक. गाडी २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेजच्या 'व्हीए' मालिकेत नोंदवलेली आहे का? ५० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी ती सोय आहे. पण तशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. सहलीला नाही.

विश्रामबागकर

नाही, साधीच नोंदणी आहे, पाच वर्षांचं नूतनीकरण चालू आहे, पीयूसी आणि विमाही. पॉझिटिव्ह अर्थवर मोबाइल चार्जर चालेल का?

बी_सिरीज

सिगारेट सॉकेटमधला साधा चार्जर नको. त्याची बाहेरची धातूची बाजू निगेटिव्ह असते, तुमच्या गाडीत बॉडी पॉझिटिव्ह. जोडणी उलटी होऊन चार्जर जळेल. वेगळी पॉवर बँक न्या.

आणि सीटमागच्या बॅटरीच्या झाकणावर आतून-बाहेरून मोठ्या अक्षरांत 'बॉडी पॉझिटिव्ह' असं लिहून चिकटवा. रस्त्यात कुणी मदतीला जंपर केबल घेऊन आला तर तो सवयीने काळी वायर बॉडीला लावणार.

कोकणातून परत आल्यावर पेट्रोल पंप बघा. तो उजव्या मागच्या चाकाच्या पुढे तळाशी आहे, लाल चिखल थेट त्यावर उडतो. चावी फिरवल्यावर टकटक होऊन थांबली तर ठीक. थांबतच नसेल तर पेट्रोल संपलंय किंवा पाइप हवा ओढतोय. अजिबात आवाज नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटलेत, पान्याच्या मुठीने बॉडीवर हलकेच दोनदा ठोका, घरापर्यंत येईल.