लँग्लीचे दाबाखालचे विंड टनेल

राइट बंधूंमुळे सरकारी विमानविषयक संशोधनही अमेरिकेतच सुरू झाले असणार, असे म्हटले जाते; ते पटत नाही. ब्रिटनने भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या अध्यक्षतेखाली विमानविषयक सल्लागार समिती 1909 मध्येच नेमली होती आणि तिचे प्रयोग लंडनजवळील टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत चालत. अमेरिकेची ‘नाका’ (NACA) ही विमानविषयक सल्लागार समिती 1915 मध्ये स्थापन झाली, तीही नौदलाच्या खर्चाच्या विधेयकाला कलम जोडून आणि वर्षाला अवघ्या 5,000 डॉलरांवर. तिच्या लँग्ली प्रयोगशाळेतील 1920 चे पहिले विंड टनेलदेखील (प्रतिकृतीवरून हवेचा झोत सोडून चाचणी घेण्याचा बोगदा) टेडिंग्टनच्याच नमुन्यावर बेतलेले होते.

खरी झेप घेतली ती मॅक्स मुंक यांच्या कल्पनेने. जर्मनीतील ग्यॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली तयार झालेल्या या संशोधकाने 1921 मध्ये सगळे टनेलच पोलादी टाकीत बंद करून आतील दाब वातावरणाच्या 20 पट करावा, असे सुचवले. दाबाबरोबर हवेची घनता वाढते, पण श्यानता (चिकटपणा) जवळपास तेवढीच राहते. त्यामुळे विमानाच्या विसाव्या हिश्शाएवढ्या प्रतिकृतीलाही, तेवढ्याच वेगात, खऱ्या विमानाचा रेनॉल्ड्स अंक मिळतो; घनता, वेग आणि आकार यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागून येणारा हा अंक जुळला, तरच प्रतिकृतीवरचे निष्कर्ष खऱ्या विमानाला नीट लागू पडतात. 85 टनांची ती टाकी जवळच्या न्यूपोर्ट न्यूजमधील जहाजबांधणी कारखान्याने बनवली. आतला प्रवाह फार खळबळीचा होता, हा दोष मात्र मोठाच म्हणावा लागेल. तरीही तिथे तपासलेल्या 78 पंखछेदांचा (पंखाच्या आडव्या छेदाच्या आकारांचा) अहवाल 1933 मध्ये निघाला, आणि त्याच मालिकेतला 2412 क्रमांकाचा छेद पुढे सेस्ना 172 या छोट्या विमानाच्या पंखाला वापरला गेला.